गफलतीचा केक

आपल्या हातून घडलेला दोष दुसऱ्याच्या माथी बसावा, त्या दुसऱ्याने तो निमूटपणे पत्करावा, आणि खरा दोषी कोण हे एकट्या आपल्यालाच ठाऊक असावे, ही अवस्था मनुष्याच्या कसोटीची होय. अशा वेळी खोटे बोलावेच लागते असे नाही. नुसते गप्प राहिले तरी पुरते. आणि गप्प राहणे हा तर आपल्याला लहानपणापासून सद्गुण म्हणून शिकवलेला असतो. बोडिल स्केरबेक हिच्यावर ही वेळ आली ती वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, नोकरीचे अवघे सहा आठवडे उरले असताना, मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता. आणि ती आली एका केकच्या रूपाने.

बोडिल नोकरी करी त्या फ्योर्डकाठच्या, म्हणजे चिंचोळ्या खाडीकाठच्या, औषधकारखान्यात दर शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेतली मंडळी एकत्र न्याहारी करीत. पाव, चीज, दात उमटतील इतके जाड लोणी आणि कॉफी. त्या खोलीतल्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला असे. कामात ज्याच्या हातून चूक होई त्याने त्या कागदावर आपले नाव स्वतः लिहायचे, पुढे चूक काय ती लिहायची, आणि येत्या शुक्रवारी सर्वांसाठी केक आणायचा. त्याला गफलतीचा केक म्हणत. केक खाल्ला की विषय संपला. पुन्हा कोणी तो उकरून काढीत नसे. चुकणाऱ्याला हसत-खेळत पुन्हा पंगतीत घेण्याची ती रीत होती, आणि रीत म्हणून सुंदर होती. यंत्रे सांभाळणाऱ्या प्रेबेनचे नाव त्या कागदावर वर्षातून सहा वेळा तरी असे. बोडिलचे नाव सव्वीस वर्षांत एकदाही आले नव्हते.

त्या शुक्रवारी नाव होते रानवाचे. रानवा योएन्सेन ही फेरो बेटांवरून आलेली एकोणतीस वर्षांची मुलगी. आठ महिने द्रावणे तयार करण्याच्या विभागात राबून ती आता परीक्षणाच्या कामासाठी तयार होत होती. कागदावर तिने लिहिले होते: ‘विष पातळ करताना हात चुकला. दोन वेळा.’

केक रबार्ब नावाच्या आंबट देठांच्या मुरांब्याचा होता. मुरांबा तिच्या आईने बेटावरून पाठवला होता.

“दोन चुका आणि केक एकच?” प्रेबेन ताटली पुढे करीत म्हणाला. “तुमच्या बेटावर सूट चालते वाटतं?”

“एकच, पण दुप्पट लोण्याचा,” रानवा म्हणाली. ती हसली, पण डोळ्यांखाली काळे पडले होते. “खा आणि माझं पाप विसरा.”

“पाप बघून घेऊ. आधी मोठा तुकडा बघू.”

विभागप्रमुख आस्गर सौम्य स्वभावाचा, अडतीस वर्षांचा गृहस्थ होता. कोणाला वाईट बातमी द्यायची असली की तो आधी स्वतःचा चष्मा पुसू लागे. “अजून सोमवारची तिसरी चाचणी आहे,” तो म्हणाला. “धीर सोडू नकोस.” आणि त्याने चष्मा पुसला.

रानवाने बोडिलच्या ताटलीत तुकडा वाढला. बोडिलने तो खाल्ला. मुरांबा आंबटगोड होता, केक मऊ होता, आणि प्रत्येक घास घशाशी येऊन थांबत होता.

“आवडला?” रानवाने विचारले. “तुझं मत महत्त्वाचं. तू खोटं बोलत नाहीस.”

“फार छान झालाय,” बोडिल म्हणाली.

“मग आणखी घे.”

नाही म्हटले असते तर सर्वांनी पाहिले असते, कारण विचारले असते. म्हणून तिने दुसरा तुकडाही घेतला, आणि तोही संपवला.

आता या केकमागची हकीकत सांगितली पाहिजे.

त्या कारखान्यात सांध्यांच्या एका दुखण्यावरचे औषध तयार होई. हे औषध रसायने एकत्र करून बनत नाही. ते जिवंत पेशींकडून घडवून घ्यावे लागते, आणि म्हणून त्याचे सामर्थ्यही नुसत्या वजनमापाने कळत नाही. कुपीत औषध किती आहे ते यंत्र सांगते. ते काम करील की नाही हे सांगत नाही. त्यासाठी जिवंत पेशींनाच साक्षीला बोलवावे लागते. सांधे सुजवणारा जो पदार्थ रोग्याच्या शरीरात माजतो, तो उंदराच्या काही विशिष्ट पेशींना विषासारखा मारतो. औषध त्या विषाला धरून ठेवते. तेव्हा शहाण्णव बारीक खळग्यांच्या ताटलीत पेशी पेरायच्या, त्यांवर विष घालायचे, आणि काही खळग्यांत औषध जास्त, काही खळग्यांत कमी, काहींत मुळीच नाही, अशी उतरती मांडणी करायची. दुसऱ्या दिवशी जितक्या पेशी जगल्या तितका उजेड त्या खळग्यात पडतो आणि यंत्र तो मोजते. शेजारीच, जिच्या सामर्थ्याविषयी शंका नाही अशा प्रमाण-कुपीतल्या औषधाचीही तशीच परीक्षा चालते. दोन्हींच्या रेषा समांतर उतरल्या तर तुलना करता येते. नवी बॅच रोग्याकडे जाणार की नाही ते त्या तुलनेवर ठरते.

सारी भिस्त साक्षीदारावर. साक्षीदार विश्वासाचा नसेल तर परीक्षेला अर्थ राहत नाही. म्हणून पेशींनाही वयाचे बंधन होते. फ्लास्क भरला की त्यातल्या थोड्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या, ती एक पिढी झाली. तिसाव्या पिढीनंतर त्या पेशी क्लोरीन घालून नष्ट करायच्या आणि गोठवून ठेवलेल्या साठ्यातली नवी कुपी उघडायची. कारण वय झालेल्या पेशी निबर होतात, विषाला दाद देत नाहीत.

हे पेशी सांभाळण्याचे काम बोडिलचे होते. ईस्टर असो की नाताळ, सायकलवरून येऊन ती त्यांना ताजे अन्न घालून जाई. तिच्या पेशी कधी मेल्या नाहीत, कधी सडल्या नाहीत. कोणाची चाचणी बिघडली तर लोक पिपेट तपासत, यंत्र तपासत, स्वतःचे हात तपासत. पेशी तपासाव्यात असे कोणाच्या मनात येत नसे, कारण पेशी बोडिलच्या असत.

फेब्रुवारीत तिसावी पिढी झाली तेव्हा तिने सर्व फ्लास्कमध्ये क्लोरीन घातले, एक सोडून. त्या पेशी फार देखण्या वाढल्या होत्या. चातीसारख्या निमुळत्या, फ्लास्कचा तळ एकसारखा झाकून बसलेल्या. सव्वीस वर्षांत अशी पैदास तिने पाहिली नव्हती. आपण जूनमध्ये जाणार, मग कोण यांच्याकडे एवढ्या निरखून पाहणार, असे काहीसे तिच्या मनात आले असावे. तिने फ्लास्कवर नुसते ‘बी’ असे अक्षर लिहिले आणि तो इन्क्युबेटरच्या सर्वांत खालच्या फळीवर मागे ठेवला. कामासाठी नव्हे, नुसता पाहण्यासाठी. आठवड्यातून दोनदा ती त्यांनाही नव्या फ्लास्कमध्ये हलवी. तो फ्लास्क सर्वांना दिसे. कोणी विचारले नाही.

फेब्रुवारीत उघडलेल्या कुपीतल्या पेशी कामात संपल्या, तेव्हा एप्रिलच्या अखेरीस तिने साठ्यातली नवी कुपी उघडली. गोठलेली कुपी कोमट पाण्यात धरायची आणि बर्फाचा इवलासा खडा उरला की लगेच काढायची. कारण ज्या द्रवात पेशी गोठवतात तोच द्रव वितळल्यावर त्यांना जाळू लागतो. हे बोडिलने शेकडो वेळा केले होते. त्या दिवशी प्रेबेन दारात आला आणि तिच्या निरोपसमारंभाची गोष्ट निघाली.

“भाषण आस्गर करणार,” तो म्हणाला. “मी त्याला सांगितलंय, ‘पेशींची आई’ म्हण, पण ‘आजी’ म्हणू नकोस. नाहीतर ती तुला क्लोरीनमध्ये घालील.”

ती हसली. पुढे बोलणे वाढले, हॉल कोणता, सँडविच किती. पाण्याकडे तिने पाहिले तेव्हा दहा मिनिटे होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी अर्ध्याहून अधिक पेशी मरून तरंगत होत्या. उरलेल्या सावरत होत्या, पण सावकाश. रानवाची चाचणी पुढच्या सोमवारी ठरली होती आणि त्या दिवसापर्यंत पेशी पुरेशा होणार नव्हत्या. एवढेच म्हणायचे होते: ‘कुपी माझ्या हातून बिघडली, चाचणी एक आठवडा पुढे ढकला.’ फ्रिजवरच्या कागदावर नाव लिहायचे होते. केक आणायचा होता. सर्वांनी टाळ्या वाजवल्या असत्या, प्रेबेनने तारीख भिंतीवर कोरून ठेवली असती.

सव्वीस वर्षे आपल्या नावापुरता कोरा राहिलेला तो कागद तिला डागाळवला नाही. सोमवारी सकाळी तिने ‘बी’ फ्लास्कमधल्या काही पेशी नव्या फ्लास्कमध्ये घातल्या, वर चिठ्ठी लावली ‘पिढी चौथी’, आणि तो रानवाच्या हाती दिला. त्या दिवशी त्या पेशींची पिढी बावन्नावी होती. इतक्या सुंदर पेशी, त्या दगा देणार नाहीत, असे ती मनाशी म्हणाली. हे तिला खरेच वाटत होते की वाटून घ्यायचे होते, ते पुढे तिलाही सांगता आले नाही.

पेशींनी दगा दिला नाही. त्यांनी वयाप्रमाणे साक्ष दिली. जिथे औषधाचा थेंबही नव्हता त्या खळग्यांतही त्या जगल्या. रेषा उतरलीच नाही, सपाट राहिली. मंगळवारी एक चाचणी गेली, बुधवारी दुसरी. विष प्रमाणाबाहेर पातळ झाले तर असेच दिसते. आणि विष पातळ करणे हे परीक्षकाच्या हाताचे काम. म्हणून दोष रानवाच्या हातांचा ठरला. प्रथम तो तिनेच ठरवला.

परीक्षक म्हणून पात्र ठरायला तीनपैकी दोन चाचण्या साधल्या पाहिजेत असा नियम होता. तिसरी साधली तरी ती आता पात्र ठरणार नव्हती. तशी तिची नेमणूक मेअखेर संपायची होती, आणि पात्र न ठरलेल्याची नेमणूक वाढवीत नसत. तरीही आस्गरने तिसरी करून पाहायला सांगितले, अहवाल पुरा व्हावा म्हणून.

केकच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत बोडिल रिकाम्या प्रयोगशाळेतून जात होती. रानवा तिथे एकटी बसली होती. समोर सरावासाठी रंगवलेले निळे पाणी आणि ताटल्यांची चळत. ती पिपेटने निळे पाणी खळग्यांत घालीत होती, एक रांग, दुसरी रांग, ताटलीमागून ताटली. मग एकेक थेंब तराजूवर टाकून वजन लिहीत होती. तिचा डबा बंदच होता.

“बोडिल,” ती वर न पाहता म्हणाली, “जरा इकडे ये ना. माझा हात थरथरतो का बघ. मला स्वतःला कळत नाही.”

बोडिल जवळ गेली. हात थरथरत नव्हता. इतका स्थिर, इतका नेमका हात तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. वहीतली वजने एकाखाली एक जवळजवळ सारखी होती.

तेव्हा बोलायचे होते. ओठही उघडले होते.

“मनगट जरा सैल सोड,” बोडिल म्हणाली.

“असं?”

“हो. असं.”

“बरं झालं तुला विचारलं,” रानवा म्हणाली, आणि मनगट सैल सोडून तिने नवी ताटली घेतली.

फ्लास्क देताना बोडिलने लपवले होते ते आपले अपयश. गुरुवारी तिने केले ते निराळे होते. जिथे दोष नव्हता तिथे तिने आपल्या हाताने दोष ठेवला, उपदेशाच्या सुरात, आणि वर आभार घेतले. केकचे दोन तुकडे त्यानंतरचे. शनिवार-रविवार ती बागेत तण काढीत राहिली. बीचच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती, मोहरीसारखी पिवळी शेते फ्योर्डपर्यंत पसरली होती. पण तिच्या डोळ्यांपुढे निळे पाणी होते. आपल्याला आता चांगले म्हणणारे प्रत्येक माणूस फसलेले आहे, ही जाणीव मोठी विचित्र असते. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “तुझी बाग किती नीटनेटकी असते, बोडिल,” आणि बोडिलला ते ऐकवेना. ती आत निघून गेली.

सोमवारी नव्या कुपीतल्या पेशी पुरेशा झाल्या होत्या. त्या सोमवारी रानवाला मिळाला तो फ्लास्क खरोखर सातव्या पिढीचा होता. मंगळवारी सकाळी यंत्राने दोन रेषा काढल्या, पांढऱ्याशुभ्र कागदावर शेजारी शेजारी उतरणाऱ्या, समांतर. औषधाचे सामर्थ्य शंभराला नव्याण्णव निघाले.

“बघ, हात बसला,” आस्गर रानवाला म्हणाला, आणि त्याने चष्मा काढला. “पण दोन गेलेल्या आहेत गं. नियम तो नियम. मला फार वाईट वाटतं.”

“तुझा काय दोष,” रानवा म्हणाली. “मनगटाचा होता. बोडिलने सांगितलं नसतं तर तिसरीही गेली असती.”

ती हातमोजे काढून बाहेर गेली. आस्गरने बोडिलपुढे अहवाल ठेवला. ‘कारण: परीक्षकाच्या हाताची अस्थिरता’ असे त्यात लिहिले होते, आणि खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी होती. “बारापर्यंत दिलास तरी चालेल,” तो म्हणाला. “तुझी सही असली की कोणी पुढे विचारत नाही.”

बोडिलने पेन उचलले. पेनाचे टोक कागदावर टेकले, तिथे एक ठिपका पडला. सही मात्र झाली नाही. तिने पेन खाली ठेवले, कागद उचलला आणि ती रानवाला शोधत निघाली. आधी आस्गरला सांगावे की रानवाला, हा प्रश्न तिला पडलाच नाही, हे तिच्या बाजूने म्हणता येण्यासारखे आहे.

रानवा सायकलींच्या छपराखाली भिंतीला टेकून उभी होती. हातात न पेटवलेली सिगारेट.

“तू ओढतेस?” बोडिलने विचारले.

“नाही. प्रेबेनची आहे. धरून ठेवायला बरी वाटते.”

“रानवा, तुझे हात चांगले आहेत.”

“आता आहेत.”

“पहिल्यापासून होते. मी दिलेल्या पेशी नव्या नव्हत्या. जुन्या होत्या. बावन्नावी पिढी. चिठ्ठी मी खोटी लावली. माझी कुपी बिघडली होती आणि मला ते सांगायचं नव्हतं.”

रानवाने तिच्याकडे पाहिले, परक्या भाषेतले वाक्य मनात उलटून पाहावे तसे.

“तू म्हणालीस मनगट सैल सोड.”

“हो.”

“मी घरी चहाचा कप धरतानासुद्धा मनगट सैल सोडत होते. परवा कप पडला.”

बोडिलने हातातला अहवाल दुमडला.

“मी आईला फोन करून सांगितलं, मला हे काम जमत नाही. ती म्हणाली, ये परत, मासळीच्या कारखान्यात जागा आहे.” रानवाचा आवाज चढला नव्हता, उलट हळू झाला होता. “आणि शुक्रवारी तू तिथे बसली होतीस. मी तुला वाढलं. तू दोन तुकडे खाल्लेस, बोडिल.”

“हो. दोन.”

“एक खाल्ला असतास तरी—” ती थांबली. सिगारेट तिच्या बोटांत मोडली होती. “का सांगतेस आता? अजून सहा आठवड्यांनी तू गेली असतीस. कोणाला कळलं नसतं.”

“तुझ्या वहीतली वजनं मी पाहिली होती,” बोडिल म्हणाली. “त्या गुरुवारीच. मला तेव्हाच ठाऊक होतं.”

आपल्या बाजूचे काही सांगण्यासारखे तिला सापडले नाही. जे सापडले ते आणखी वाईट होते, आणि तेच तिने सांगितले.

“जा इथून,” रानवा म्हणाली. “आस्गरला सांग जा. मी येणार नाही सोबत. मला तुझ्याबरोबर चालायचं नाहीये.”

बोडिल एकटीच गेली. आस्गरने सारे ऐकून घेतले. या वेळी त्याने चष्मा पुसला नाही; काढून टेबलावर ठेवला आणि तसाच, नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत राहिला.

“तो ‘बी’ फ्लास्क,” तो म्हणाला. “मी तो पाहिला होता. मार्चमध्ये. मला वाटलं, बोडिलचा आहे म्हणजे काहीतरी कारण असेल.”

“नव्हतं.”

“खऱ्या बॅचच्या तपासणीत त्या पेशी कधी वापरल्यास?”

“नाही.”

“खात्री?”

“आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, आस्गर. फेब्रुवारीपासूनचं सगळं उघडून बघ. तुझ्या जागी मी असते तर तेच केलं असतं.”

तिच्या शब्दावर सारा विभाग सव्वीस वर्षे विसंबला होता, आणि आज तिला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागत होते की त्यावर विसंबू नका.

“तुला पेशींच्या खोलीत जाता येणार नाही,” आस्गर हळूच म्हणाला. “आजपासून. चौकशी संपेपर्यंत. म्हणजे... जूनपर्यंत संपायची नाही.”

“हो. कळतंय.”

“आणि तो फ्लास्क नष्ट करायचा नाही. नव्याशेजारी मांडून बघावा लागेल.”

तिने किल्लीचे कार्ड त्याच्यापुढे ठेवले. खोलीबाहेर आली, आणि तशीच न्याहारीच्या खोलीत गेली. फ्रिजवरच्या कागदाला दोऱ्याने पेन बांधलेले होते. रानवाच्या नावावर तिने रेघ मारली. त्याखाली आपले नाव लिहिले. चूक काय ती लिहायला मात्र वेळ लागला. ‘कुपी बिघडली’ असे आधी लिहिले. ते खरे होते, पण अपुरे होते, म्हणून खोडले. शेवटी लिहिले: ‘जुन्या पेशी नव्या म्हणून दिल्या. दोष रानवावर जाऊ दिला.’ प्रेबेन कॉफी घ्यायला आला. त्याने वाचले. त्याच्या तोंडून विनोद निघाला नाही, आणि बोडिलला त्या शांततेची टोचणी कुठल्याही टोमण्याहून अधिक लागली.

शुक्रवारी तिने केक आणला. बदामाचा, साधा, सजावट करायला तिचे मन धजावले नव्हते. आठ माणसे टेबलाभोवती बसली. नेहमी केक आला की गलका होई. त्या दिवशी सुऱ्या-चमच्यांचे आवाज तेवढे ऐकू येत होते.

“सव्वीस वर्षं वाट पाहिली या केकची,” प्रेबेन अखेर म्हणाला. “मला वाटायचं जास्त मजा येईल.”

त्याने तुकडा घेतला. मग इतरांनी घेतले. रानवा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. ताटली तिच्यापुढे आली तेव्हा तिने ती तशीच पुढे सरकवली. रीतीप्रमाणे केक खाल्ला की विषय संपतो. तिला तो इतक्यात संपवायचा नव्हता, आणि तसे करण्याचा तिला पूर्ण हक्क होता. बोडिलनेही तो मनातल्या मनात मान्य केला. आपल्या वाट्याचा तुकडा तिने सर्वांसमोर खाल्ला, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत.

पुढच्या आठवड्यात रानवाची परीक्षा नव्याने झाली. आधीच्या दोन चाचण्या रद्द धरल्या गेल्या. ‘बी’ फ्लास्क आणि नवा फ्लास्क शेजारी शेजारी मांडून तीच चाचणी करायची असे ठरले, आणि ते काम आस्गरने रानवालाच दिले. बोडिलला आता दुसऱ्या मजल्यावर जुन्या कागदपत्रांची छाननी दिली होती. सकाळी ती पेशींच्या खोलीवरून जाई तेव्हा दाराच्या काचेपाशी तिची पावले मंदावत.

त्या चाचणीच्या सकाळी ती थांबली. अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता, पायांत रस्त्यावरचे बूट होते. काचेपलीकडे रानवा पाठमोरी बसली होती. एका हाताशी बोडिलच्या देखण्या, म्हाताऱ्या पेशी, दुसऱ्या हाताशी तरुण. पिपेट खाली जाई, वर येई, पुन्हा खाली जाई. मनगट सैल नव्हते. जसे असायला हवे तसे होते. रांग संपली तेव्हा रानवाने मान वळवली. तिला काचेआड बोडिल दिसली. ती हसली नाही. पण तिने हातातली ताटली किंचित उचलून उजेडाकडे धरली, काचेपलीकडूनही खळगे दिसावेत अशी, क्षणभर; आणि मग पुन्हा कामाला लागली.

खळगे सारे सारखे भरले होते.

बोडिल जिन्याने वर गेली. टेबलावर फेब्रुवारीपासूनच्या नोंदींचा गठ्ठा होता. एकेक पान ती उलगडू लागली, आपली सही असलेले, आणि दर पानाशी थांबून पाहू लागली.

दूरच्या बेटावरून आलेल्या त्या मुलीचे हात असेच स्थिर राहोत, आणि ज्यांचे सांधे सकाळी उठताना दुखतात त्यांच्यापर्यंत तिच्या हातून खरे औषधच पोहोचो. आणि ज्या बाईला आपले नाव आपल्या हाताने लिहावे लागले, तिलाही एखाद्या शुक्रवारी, कोणाच्या तरी ताटलीतला तुकडा, घशाशी न अडकता उतरो.